तटावरचं घर

आमच्या घरात तेव्हा दोन बायका होत्या आणि दोघी एकमेकींशी फार चांगलं वागत होत्या. सगळा घोळ त्याचाच होता. "भांडल्या असत्या तर बरं झालं असतं," असं बाबा एकदा पेपर वाचता वाचता पुटपुटले, आणि मी ऐकलं हे लक्षात आल्यावर त्यांनी पेपर जरा उंच धरला. दोघींपैकी एक माझी आई आणि दुसरी माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते आणि बदलीवर जयपूरला आले होते. सी-स्कीममधल्या एका बंगल्याच्या मागच्या तीन खोल्या आम्हाला भाड्याने मिळाल्या होत्या. पुढे घरमालक, मागे आम्ही, मध्ये एक कडुलिंब आणि त्याच्या सावलीत दोन्ही घरांची मिळून एक मोरी. सकाळी मोरीवर घरमालकीणबाईंची भांडी वाजायची, आमच्याकडे आईचा स्टोव्ह फरफरायचा, आणि रस्त्यावरून भाजीवाला "मटर लो, मूली लो" असं सूर लावून जायचा. त्याचा सूर मला अजून जसाच्या तसा काढता येतो. नातवंडांना काढून दाखवते, ती हसतात.

आत्या साताऱ्याला मुलींच्या शाळेत पीटी शिकवायची. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घराण्यात कुणाची छाती नव्हती. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून उतरायची आणि मग शाळेत जाऊन पोरींना पळवायची. भाड्याच्या दोन खोल्या, एक सायकल आणि सुट्टीत गडकिल्ले, असा तिचा संसार होता. ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी न्हाणीघरात पाय घसरून गुडघ्यावर पडली. दूधवाल्याने कडी वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांना हाक मारली, तोवर ती तशीच पडून होती. मग बाबा गेले आणि तिला जयपूरला घेऊन आले. "दिवाळीपर्यंत येते," एवढंच ती म्हणाली. बरोबर एक ट्रंक होती, डॉक्टरांनी दिलेली पण तिने कधी न टेकलेली एक काठी होती, आणि गळ्यात काळ्या दोरीला शाळेतली शिट्टी होती. पडले तरी नाक वर म्हणतात, तो प्रकार.

मला तर ती पहिल्या दिवसापासून आवडली. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, हिंदी शाळेत जाणारी, आणि माझं मराठी म्हणजे अर्धी खिचडी. "आत्या, मतलब मी सांगते ना," असं काही म्हटलं की ती थांबवायची. "मतलब नाही, म्हणजे. म्हणजे म्हण. पुन्हा." मी पुन्हा म्हणायचे. पाठ वाकवून बसले की पाठीत बोट टोचायची. माझ्याशी ती अशी मोकळी होती, बाबांना तर दत्त्या म्हणून हाक मारायची. पण आईसमोर आली की पाहुणी व्हायची. सगळ्यांच्या आधी उठून अंथरुणाची घडी घालायची, कपबशी स्वतः विसळून पालथी ठेवायची, आणि पानात पडेल त्याला "छान झालंय सुमन" म्हणायची. मागच्या अंगणात जायचं तरी विचारायची. आईही तशीच. पहिली पोळी वन्संना, कढत पाणी आधी वन्संना, पलंगही वन्संना, आणि स्वतः माझ्याशेजारी खाली. "वन्सं, अजून एक वाढू?" "नको गं, पोट भरलं." दोघी अशा बोलायच्या की एखाद्या लग्नाच्या पंक्तीत पहिल्यांदाच शेजारी बसल्या आहेत.

तिने परत जाऊ नये असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. साताऱ्याला ती पुन्हा पडली असती तर दूधवाला वेळेवर येईलच असं थोडंच होतं. बाबांनी एकदा धीर करून म्हटलं, "ताई, राहा ना इथेच." ती नुसतं हसली. नंतर माझे केस विंचरताना मला म्हणाली, "दत्त्या म्हणाला काय नि न म्हणाला काय. आई-वडील असतात तोवर माहेर त्यांचं. नंतर ते भावजयीचं असतं. तिने म्हणायला पाहिजे." मी धावत आईकडे. आई कणीक मळत होती. म्हणाली, "मी कोण त्यांना राहा म्हणणारी? घर त्यांच्या भावाचं आहे. राहा असं पाहुण्याला म्हणतात, घरच्या माणसाला म्हटलं तर त्याचा अपमान होतो." मी पुन्हा आत्याकडे. "तिला तोंड नाही का सांगायला?" आत्या म्हणाली. पुन्हा आईकडे. "त्यांनी मला सांगितलंय का काही? आणि तू गं, इकडचं तिकडे करायची सवय कुठून लागली तुला?" आणि कणकेच्या हाताने पाठीत एक धपाटा. इकडे आड, तिकडे विहीर. त्या वयात मला दोघींचं म्हणणं मूर्खपणाचं वाटायचं. आता दोघींच्या वयाच्या पुढे आल्यावर दोघींचंही पटतं, आणि तरीही मूर्खपणाचं वाटतं.

दिवाळीत आत्याने मागच्या अंगणात किल्ला केला. मला वाटतं, तेवढे चार दिवस ती घरात असल्यासारखी होती. विटांचे तुकडे, माती, पोत्यांची फडकी. साडीचा पदर खोचून ती चिखलात बसली आणि मला शिकवत गेली. पाया रुंद, वर निमुळता. बुरूज गोल, म्हणजे तोफेचा गोळा घसरतो. दरवाजा समोरून दिसता कामा नये. मोहरी पेरून आम्ही त्यावर रान उगवलं. पाडव्याच्या दिवशी सकाळी मी बाहेर येऊन बघते तर घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही भाभीजी म्हणायचो, पूजेचं ताट घेऊन किल्ल्यासमोर उभ्या. त्यांच्याकडे त्या दिवशी शेणाचा गोवर्धन करून पुजतात. "दीदी, आपने तो बहुत सुंदर गोवर्धनजी बनाए," म्हणत त्यांनी बालेकिल्ल्यावर कुंकू वाहिलं, बुरुजावर दूध ओतलं आणि सात फेरे घालून निघून गेल्या. दुधाने एक बुरूज बसला. आत्या हाताची घडी घालून बघत राहिली. मग म्हणाली, "गड गेला खरा, पण पूजा होऊन गेला." त्या दिवशी आई आणि ती एकत्र हसल्या. मला वाटलं, झालं आता. पण संध्याकाळी आत्याने बाबांना परतीचं रिझर्वेशन करायला सांगितलं, आणि आई आत जाऊन तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच तांदूळ होते ते.

रणथंभोरच्या गडावरच्या गणपतीला जायची कल्पना भाभीजींची. "गणेशजी के दर्शन किए बिना दीदी को मत भेजना," त्यांनी आईला बजावलं. त्यांच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका या गणपतीला जाते, आणि मागितलेलं तो देतो अशी ख्याती. गणपती म्हटल्यावर आई तयारच. आत्याचं मन वळवायचं काम बाबांनी केलं. जयपुरात ती काहीच बघायला बाहेर पडत नसे. आमेर दाखवायला नेलं तर सगळं फिरून "हा राजवाडा आहे रे, गड कुठाय?" असं म्हणाली होती. बाबा म्हणाले, "ताई, हा गड आहे. डोंगरावर. चहूबाजूंनी जंगल, आणि जंगलात वाघ." आत्याने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "तट शाबूत आहे?" तिने विचारलं. बाबांनी न बघताच हो म्हटलं.

आईने आदल्या दिवशी दशम्या केल्या, लसणाची चटणी केली आणि नैवेद्याला तळणीचे एकवीस मोदक. खोबरं आणि खसखस भाजल्याचा वास सगळ्या अंगणात पसरला होता, पण नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी तोंडात काही घालायचं नाही असा हुकूम निघाला. पहाटेची पॅसेंजर, खिडकीच्या फटींतून येणारा बोचरा वारा, आणि मांडीवर मोदकांचा डबा. मी तो वास घेत घेत सवाई माधोपूरपर्यंत गेले. तिथून जीप केली. रस्ता जंगलात शिरला. दोन्ही बाजूंना धोकची झाडं, थंडीने पिवळी पडलेली. मधेच एक सांबर रस्त्याच्या कडेला उभं होतं, आमच्याकडे बघून त्याने पुन्हा चरायला सुरुवात केली. आणि मग एका वळणावर जीपवाला म्हणाला, "वो देखिए." आत्या पुढे वाकली.

डोंगराचा कडा कुठे संपतो आणि तट कुठे सुरू होतो ते कळतच नव्हतं. तपकिरी दगड खाली, तपकिरी दगड वर. नीट बघितल्यावर वरच्या दगडांत ओळी दिसायला लागायच्या, मग बुरूज, मग बंदुका रोखायच्या जंग्या. डोंगराच्या अंगावरून तो तट वर चढत होता, खाली उतरत होता, झाडांत बुडत होता आणि पलीकडे पुन्हा डोकं काढत होता. कधीकाळी लोकांनी वेढा द्यायला हे रान तोडलं असेल, जाळलं असेल. आता ते परत येऊन तटाला बिलगलं होतं. कितीतरी शतकं उभी असलेली भिंत, आणि तिच्या पायाशी पहारा द्यायला वाघ. अलीकडे मी मुलाबरोबर पुन्हा गेले होते, तेव्हा फाटकावर गाड्यांची ही रांग आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पण ते वळण आलं आणि गाडीतले सगळे तसेच पुढे वाकले. आत्या त्या दिवशी मान उंच करून तट नजरेने मोजत राहिली. मग हळूच म्हणाली, "दत्त्या, तू खोटं नाही बोललास."

पायऱ्या उंच होत्या, एकेक दगड मांडीएवढा. आत्याने काठी जीपमध्येच ठेवली. मी हात पुढे केला तर झिडकारला. ती कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती, आणि तिच्या मागे आई. आईच्या एका हातात डब्यांची पिशवी आणि दुसरा हात आत्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर, लावायचा नाही पण काढायचाही नाही असा. मी सगळ्यात मागे होते म्हणून मला तो दिसत होता. आत्याला दिसत नव्हता. पहिल्या दरवाजाशी ती थांबली. तशी ती दमली होती, पण आव आणला दाखवायला थांबल्याचा. "बघ मिनी, दरवाज्यापुढे लगेच वळण आहे. का? हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून. पळायला जागा नाही मिळाली की हत्ती म्हणजे नुसतं मोठं जनावर." चिऱ्यांवरून तिने तळहात फिरवला, एखाद्या पोरीच्या पाठीवरून फिरवावा तसा. "अजिंक्यताऱ्यापेक्षा भारी आहे का?" मी विचारलं. "तसं काही नाही," ती म्हणाली आणि पुढे चढायला लागली.

दुसऱ्या दरवाजाच्या वर माकडांनी घात केला. काळ्या तोंडाची, लांब शेपटांची पाच-सहा वानरं तटावर बसली होती, अगदी सोवळ्यातल्या भटजींसारखी शांत. आई डब्यांची पिशवी जरा टेकवते न टेकवते तोच एकाने उडी मारून ती उचलली. आई ओरडली, "नैवेद्य! अहो, नैवेद्य!" बाबा नुसतेच "हुश हुश" करत राहिले. आणि मग शिट्टी वाजली. आत्याने शिट्टी ओठांत धरून अशी फुंकली की सगळा डोंगर दणाणला. वानराने पिशवी टाकली. पोपटांचा थवा उडाला. आमच्यापुढे कुठल्याशा शाळेची सहल चालली होती, ती सगळी पोरं जिथल्या तिथे रांगेत उभी राहिली. वरून एक वनरक्षक धावत आला. "माताजी, सीटी मत बजाइए! ये नेशनल पार्क है, जानवर बिदकते हैं. शेर भी सुनता है यहाँ!" आत्या जरासुद्धा वरमली नाही. "हमने शेर को नहीं बजाया," ती तिच्या सातारी हिंदीत म्हणाली, "हमने बंदर को बजाया. वो नैवेद्य लेके जा रहा था." वनरक्षकाने पिशवीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि हात जोडले. "तो भी, माताजी. अब नहीं." आत्याने शिट्टी पोलक्यात टाकली. मोदकांचा डबा शाबूत होता. आईने तो छातीशी धरला आणि आत्याला म्हणाली, "वन्सं, तुम्ही होतात म्हणून." पुढच्या पायऱ्या आत्या भराभर चढली.

दर्शन झालं, नैवेद्य झाला. देवळापासून थोडं पुढे, तटाच्या आतल्या अंगाला एका झाडाखाली आम्ही दशम्या सोडल्या. दशमीचा तो गुळाचा गोडवा आणि वर लसणाची चटणी. उपाशीपोटी तसं जेवण मी पुन्हा कधी जेवले नाही. तटाच्या फटीतून खाली तळं दिसत होतं. पाण्यात कमळाची पानं, त्यांच्यात पोटापर्यंत बुडून चरणारी सांबरं, आणि काठावर लाकडाच्या ओंडक्यासारख्या पडलेल्या मगरी. बाबा जेवून तिथेच आडवे झाले आणि तोंडावर रुमाल घेतला. मोराचा आवाज आला की रुमाल हलायचा, म्हणजे झोप काही लागलेली नव्हती.

तटाच्या कडेने जिकडेतिकडे लोकांनी दगडांची घरं रचून ठेवली होती. दोन दगड उभे, एक आडवा, झालं घर. ज्याला स्वतःचं घर हवं असतं तो गणपतीचं दर्शन घेऊन इथे असं घर रचून जातो, हे भाभीजींनी आईला सांगून ठेवलं होतं. आईला स्वतःच्या घराची किती आस होती ते मला माहीत होतं. बदल्यांच्या गावोगाव तिने दुसऱ्यांच्या भिंतींना खिळे ठोकायची परवानगी मागितली होती. ती उठली, पदर खोचला आणि एका मोकळ्या जागी दगड गोळा करायला लागली. आत्या थोडा वेळ लांबून बघत राहिली. तिला राहवेना. "सुमन, अगं तो दगड गोल आहे. डुलेल तो. चपटा घे." आईने चपटा घेतला. "तसा नाही, आडवा. पाया रुंद पाहिजे." मग ती स्वतःच गुडघा सांभाळत खाली बसली.

आजूबाजूची माणसं तीन दगड ठेवून, हात जोडून, पुढे निघून जात होती. आमच्या घराचं बांधकाम मात्र वाढतच चाललं. आत्याने जोतं घातलं. आईने पुढे अंगण आखलं. मला दगड आणायला पिटाळलं, मोठे, लहान, "तसला नव्हे गं, सरळ कडेचा." तुळशीवृंदावनाला एक, देवघराला एक. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, दोघी भांडायला लागल्या.

"स्वयंपाकघर इथे," आत्या म्हणाली.

"इथे? दारातून आलेल्या माणसाला आधी माझी खरकटी भांडी दिसणार?"

"धूर बाहेर जायला वारा लागतो सुमन. वारा इकडून आहे."

"आता गॅस घेणार आहोत आम्ही. धूर कुठला?"

"बरं, मागे घे. पण मग न्हाणीघर कुठे नेणार?"

"ते लांब नको. रात्रीबेरात्री तुम्हाला जायला जवळ पाहिजे."

आत्याने तिकडे लक्ष दिलं नाही. ती एक मोठा दगड उचलून उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवत होती. "ही एक खोली असू दे या बाजूला. आल्यागेल्याला."

आईने तो दगड तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. "तिथे काय ठेवताय? तिथे दिवसभर ऊन यायचं नाही. सकाळी गुडघा शेकायला ऊन लागतं की नाही तुम्हाला? तुमची खोली पूर्वेला, माझ्या स्वयंपाकघराला लागून." आणि तिने तो दगड पूर्वेला ठेवून वरून थापटला.

आत्याचा हात तसाच राहिला. "माझी?" ती म्हणाली.

आईचा चेहरा लालबुंद झाला. बोलून गेल्याचं तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने एक बारीकसा दगड उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. आणि मग ती जी सुटली ती सुटलीच. "मग कुणाची? आं? कुणाची? इतके दिवस मी काय पाहुणी म्हणून रांधतेय तुम्हाला? सारखं आपलं छान झालंय, छान झालंय. कपसुद्धा विसळू देत नाही तुम्ही मला. माझं काय चुकलं ते तरी सांगा. मला वाटतं, यांना माझ्या घरात करमत नाही, यांना माझ्या हातचं गोड लागत नाही, म्हणून निघाल्यात. आणि मी राहा म्हणायचं? तुमच्या भावाचं घर, तुम्हाला मी कोण सांगणारी?"

"तू कधी म्हणाली नाहीस," आत्या म्हणाली. तिचा आवाज शाळेतला राहिला नव्हता.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मी का विचारू? भावाच्या घरी बहिणीने विचारून राहायचं असतं का?"

"मग मी तरी का म्हणू?"

मी दोन्ही हातांत दगड घेऊन उभी होते. बाबांच्या तोंडावरचा रुमाल अगदी स्थिर होता, श्वाससुद्धा घेत नव्हते बहुधा. दोघी समोरासमोर बसलेल्या, मध्ये ते घर, दोघींचे हात मातीने भरलेले आणि दोघींचे डोळे भरलेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्या दिवशी मी दोन पीळ एकाच वेळी सैल होताना बघितले. मला इतकं रडू आलं की हातातला दगड पायावर पडला, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

तेवढ्यात तटावरून एक वानर खाली उतरलं, आमच्या मधून सरळ चालत आलं, अंगणातून शिरलं, आणि देवघर, स्वयंपाकघर, पूर्वेची खोली, सगळं लाथेसरशी आडवं करून पलीकडच्या झाडावर गेलं. आईने "अगं बाई" म्हणून तोंडावर हात घेतला. अपशकुन झाला म्हणून ती पांढरीफटक पडली होती. आत्याचा हात पोलक्याकडे गेला. मग तिला वनरक्षक आठवला असावा. हात तिथेच थांबला, आणि ती हसायला लागली. पोट धरून, डोळे पुसत, गुडघा चोळत हसली. "पाया कच्चा होता," ती म्हणाली. "मी मघापासून सांगत होते. तुला गोल दगड हवे असतात." आई आधी रडत होती, मग रडत रडत हसली. दोघींनी ते घर पुन्हा रचलं. या वेळी कुणी कुणाशी वाद घातला नाही, आणि पूर्वेची खोली आत्याने स्वतः रचली.

परत येताना मात्र दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. आत्याने राहते असं म्हटलं नव्हतं. आईनेही पुन्हा विचारलं नाही. एवढं बोलून झाल्यावर तिला आता लाज वाटत होती. परतीचं तिकीट बाबांच्या पाकिटात होतं, आणि तारीख चार-पाच दिवसांवर आली होती. गाडीत मी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. ती माझ्या केसांतून बोटं फिरवत होती, पण बघत होती बाहेरच्या अंधाराकडे. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत नव्हतं आणि विचारायची भीती वाटत होती. घरी पोचल्यावर तिने नेहमीसारखे हातपाय धुतले, "चला, झोपते" म्हणाली आणि आडवी झाली. मी खूप वेळ जागी होते. तटावर बोललेलं तटावरच राहिलं, असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उन्हं कडुलिंबाखाली आली होती. बाबा पेपर घेऊन बसले होते, आत्या उन्हात गुडघा शेकत वेताच्या मोड्यावर बसली होती. आईने चहा आणून दिला. आत्याने एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"सुमन," ती म्हणाली, "आल्यापासून बघतेय. तुझा चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी असतं. याला काय चहा म्हणायचं? आणि आलं घालतेस ते ठेचून घालत जा. नुसते तुकडे टाकून त्याचा अर्क उतरतो होय?"

बाबांचा पेपर खाली आला. आईच्या चहाला नावं ठेवायची आमच्या घरात कुणाची हिंमत नव्हती. आईने आत्याच्या हातातून कप उचलून घेतला, वळली आणि आत गेली. मी तिच्यामागे धावले.

ती स्टोव्हपाशी पाठमोरी उभी होती. मी वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं. पदराच्या टोकाने ती डोळे पुसत होती आणि हसू काही तिला आवरत नव्हतं.

"अगं, राहिल्या," ती मला म्हणाली. "मिनी, राहिल्या गं त्या."

आणि तिने पातेलं पुन्हा चढवलं, आल्याचा तुकडा पाट्यावर घेतला आणि चांगला ठेचला.